हायड्रोजन इंधन केंद्राचे नियोजन कसे करावे: परिवहन उपक्रम आणि शासकीय यंत्रणांसाठी मार्गदर्शिका

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस व ट्रकच्या चाचणी प्रकल्पांना आणि त्यांच्यासाठीच्या ९ इंधन केंद्रांना मंजुरी दिली. या वाहनांसाठी ठरवलेल्या दहा मार्गांमध्ये पुणे–मुंबई हा मार्गही आहे. त्याआधी जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले होते. त्यात पहिल्या २० इंधन केंद्रांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, पण प्रत्येकी कमाल साडेचार कोटी रुपये, आणि पहिल्या ५०० फ्युएल सेल (हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार करणारे उपकरण) प्रवासी वाहनांना ३० टक्के, पण प्रत्येकी कमाल ६० लाख रुपये, असे अनुदान देऊ केले आहे. त्यामुळे एखाद्या महापालिकेचा परिवहन उपक्रम, एसटी महामंडळ किंवा औद्योगिक विकास महामंडळ यांच्यापैकी कोणाकडेही असा प्रस्ताव येऊ शकतो. ही मार्गदर्शिका तो प्रस्ताव हाताळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. हायड्रोजन कोणत्या मार्गासाठी वापरावा, केंद्र किती क्षमतेचे असावे, इंधन कोठून आणावे, परवाने कोणाचे घ्यावेत आणि करारात काय लिहून घ्यावे, हे प्रश्न प्रत्यक्ष कामात ज्या क्रमाने सोडवावे लागतात, त्याच क्रमाने येथे घेतले आहेत.

मार्गांची यादी

कामाची सुरुवात मार्गांच्या यादीपासून करावी. प्रत्येक मार्गावर एक वाहन दिवसाला किती किलोमीटर धावते, फेऱ्यांच्या मध्ये किती वेळ उभे असते, रस्त्यात घाट आहे का आणि वातानुकूलनाचा भार किती पडतो, हे आगारातील नोंदींवरून लिहून काढावे. पाण्याचे विद्युत अपघटन करून एक किलो हायड्रोजन तयार करायला सुमारे ५५ युनिट वीज लागते. बारा मीटर लांबीची फ्युएल सेल बस १०० किलोमीटरला साधारण ८ ते १० किलो हायड्रोजन घेते. नऊ किलो धरले, तर किलोमीटरमागे जवळजवळ ५ युनिट वीज खर्ची पडते. त्याच आकाराची बॅटरीवरची बस एवढेच अंतर साधारण सव्वा ते दीड युनिटात कापते. ही तफावत यंत्रे सुधारल्याने थोडी कमी होईल, पण मिटणार नाही, कारण विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज या दोन्ही टप्प्यांवर ऊर्जा वाया जाते.

म्हणून जो मार्ग बॅटरीच्या बसला रात्रीच्या चार्जिंगवर किंवा दुपारच्या थोड्या चार्जिंगवर झेपतो, तो हायड्रोजनच्या यादीतून सरळ काढून टाकावा. शहरातल्या बहुतेक फेऱ्या अशाच असतात. यादीत उरतील त्या लांब पल्ल्याच्या आणि घाट चढणाऱ्या गाड्या, दोन-तीन पाळ्यांत सलग चालणारे मालवाहू ट्रक, आणि बॅटरीच्या वजनामुळे ज्यांची मालवाहू क्षमता घटते अशी अवजड वाहने. एवढी छाटणी केल्यावर यादी रिकामी झाली, तर केंद्राचा प्रस्ताव तेथेच थांबवणे हा जबाबदार निर्णय आहे, आणि तसा अभिप्राय नस्तीवर लिहायला अधिकाऱ्याने कचरू नये.

वाहने आणि केंद्र एकाच मंजुरीत

जपानने २०१७ च्या हायड्रोजन धोरणात २०२० पर्यंत १६० इंधन केंद्रे आणि ४०,००० वाहने असे उद्दिष्ट ठेवले होते. केंद्रांचा आकडा बऱ्याच अंशी गाठला गेला, वाहने मात्र काही हजारांवरच राहिली. परिणामी, महागडी यंत्रसामग्री उभी राहिली आणि दिवसातून मोजक्याच मोटारी येत असल्याने तिचा खर्च विक्रीतून निघेना. कॅलिफोर्नियात वेगळी चूक झाली. तेथे २०१३ च्या कायद्याने, सार्वजनिक केंद्रांची संख्या १०० होईपर्यंत दर वर्षी दोन कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली गेली, खासगी मोटारी हजारोंनी रस्त्यावर आल्या. पण केंद्रे लहान होती, वारंवार बंद पडत होती आणि एक बंद पडले की शेजारच्या केंद्रावर रांगा लागत होत्या. हायड्रोजनचा दर किलोला ३० डॉलरच्या वर गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने मोटारींसाठीची आपली सातही केंद्रे कायमची बंद केली.

या दोन्ही अनुभवांवरून आपल्याकडच्या नियोजनासाठी एक ठाम नियम घालून घ्यावा, असे मला वाटते: ज्या केंद्राच्या क्षमतेचा किमान निम्मा भाग पहिल्या दिवसापासून ठरावीक वाहने उचलणार नाहीत, त्याला मंजुरी देऊ नये. हे साधायचे, तर वाहनखरेदी आणि केंद्र यांचा प्रस्ताव एकच असावा आणि त्यांचे वेळापत्रकही एकच असावे. लेहमध्ये एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने सुमारे ११,५०० फूट उंचीवर उभारलेला प्रकल्प या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे पाच बस, दिवसाला ८० किलो हायड्रोजन देणारे केंद्र आणि त्यासाठीचा १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प यांची आखणी एकत्र झाली. एका बसच्या वाट्याला दिवसाला १६ किलो येतात, म्हणजे केंद्राचे माप गाड्यांच्या गरजेवरून काढलेले दिसते.

क्षमतेचा हिशेब

समजा, एका आगारात २० बस आहेत, प्रत्येक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि १०० किलोमीटरला ९ किलो हायड्रोजन घेते. म्हणजे प्रत्येक बसला १८ किलो आणि सगळ्यांना मिळून दिवसाला ३६० किलो. सर्वसाधारण प्रस्तावात हिशेब येथे संपतो आणि ‘४०० किलो क्षमतेचे केंद्र’ असा उल्लेख करून निविदा निघते. खरी अडचण मात्र यापुढे सुरू होते, कारण बस दिवसभर एकसारख्या अंतराने केंद्रावर येत नाहीत. शेवटच्या फेऱ्या संपवून त्या रात्री नऊ ते एकच्या दरम्यान एकामागून एक आगारात येतात. गाडी नोझलपाशी लावणे, जोडणी, भरणा आणि गाडी हलवणे यांना मिळून १५ मिनिटे धरली, तर एका नोझलवर तासाला चार बस होतात आणि सगळ्या गाड्यांना पाच तास लागतात. दोन नोझल असतील तर हेच काम अडीच तासांत उरकते, पण त्या वेळात केंद्राला तासाला १४४ किलो हायड्रोजन द्यावा लागतो. दिवसाचे ३६० किलो चोवीस तासांत विभागून बसवलेला कॉम्प्रेसर (वायू दाबून भरणारे यंत्र) तासाला फक्त १५ किलो देईल.

हा फरक भरून काढण्याचे काम उच्च दाबाच्या साठवण नळकांड्यांचे असते. दिवसभर कॉम्प्रेसर त्या भरत राहतो आणि रात्री त्यांच्यातून गाड्यांमध्ये वायू सोडला जातो. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. गाडीच्या टाकीतला दाब आणि साठवणीतला दाब जवळ आले की वायूचा प्रवाह मंदावतो, त्यामुळे साठवणीतला सगळा हायड्रोजन कधीच वापरता येत नाही. म्हणून निविदेत ‘एकूण साठवण’ विचारण्याऐवजी, सलग किती बस, किती मिनिटांत आणि कोणत्या दाबापर्यंत भरून देणार, हे विचारावे आणि केंद्र ताब्यात घेण्यापूर्वी तेवढ्याच गाड्या ओळीने उभ्या करून चाचणी घ्यावी. ती चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घेण्याची अट घालावी. विदर्भात त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वायू थंड करणाऱ्या यंत्रणेची खरी परीक्षा तेव्हाच होते.

दाब आणि शुद्धता

बससाठी ३५० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब पुरेसा असतो, कारण छतावर मोठ्या टाक्या बसवायला जागा मिळते. मोटारी आणि लांब पल्ल्याचे काही ट्रक ७०० बार वापरतात. ७०० बारच्या भरण्यात गाडीची टाकी झपाट्याने तापते. ती ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये म्हणून हायड्रोजन उणे ४० अंशांच्या आसपास थंड करून सोडावा लागतो, आणि त्यासाठीची शीतयंत्रणा महाग असते व विजेचा खर्चही वाढवते. आगारात केवळ बस येणार असतील, तर ७०० बारचा डिस्पेन्सर (गाडीत वायू भरणारे यंत्र) घेऊ नये. त्यासाठी जागा, पाया आणि केबलचे मार्ग मात्र आराखड्यात राखून ठेवावेत.

शुद्धतेच्या बाबतीत तडजोडीला वाव नाही. फ्युएल सेलसाठीच्या आयएसओ १४६८७ या मानकानुसार हायड्रोजन किमान ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा आणि एकूण गंधक ०.००४ भागापेक्षा जास्त चालत नाही, कारण ही द्रव्ये फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमवर बसून त्याचे काम रोखतात. रिफायनरीतून किंवा खत कारखान्यातून येणारा हायड्रोजन स्वस्त पडू शकतो, पण त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च आणि नियमित नमुना-चाचणीची जबाबदारी पुरवठादाराची आहे, हे करारात स्पष्ट असावे. हायड्रोजन थेट जाळणाऱ्या इंजिनाला एवढी शुद्धता लागत नाही. केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ३७ वाहनांपैकी २२ वाहने अशा इंजिनाची आणि १५ फ्युएल सेलची आहेत. दोन्ही प्रकार एकाच केंद्रावर येणार असतील, तर मानक फ्युएल सेलचेच ठेवावे.

हायड्रोजन कोठून आणावा

दोन पर्याय असतात: आगारातच इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचे विद्युत अपघटन करणारे यंत्र, बसवणे किंवा बाहेरून ट्रेलरने आणणे. पोलादी नळकांड्यांचा एक ट्रेलर पूर्ण अवजड वाहन असूनही त्यात साधारण ३०० किलोच हायड्रोजन मावतो, आणि तोही सगळा काढून घेता येत नाही. वरच्या उदाहरणातल्या आगाराला म्हणजे रोज एकाहून अधिक ट्रेलर लागतील आणि खंडाळ्याच्या घाटात वाहतूक अडकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेऱ्या अडतील. म्हणून ट्रेलरचा पर्याय लहान चाचणी प्रकल्पांसाठी, किंवा उत्पादनाचे ठिकाण जवळ असेल तेथेच निवडावा, आणि किमान दोन दिवसांचा साठा आवारात ठेवण्याची परवानगी मिळते का, हे आधीच तपासावे.

आगारात उत्पादन करायचे, तर ३६० किलोला रोज सुमारे २० हजार युनिट वीज लागते. इलेक्ट्रोलायझर चोवीस तास चालला तर ८२५ किलोवॅट क्षमता पुरते. केवळ सौर ऊर्जेवर चालवायचा ठरवला आणि सौर प्रकल्प वर्षाकाठी क्षमतेच्या २० टक्के उत्पादन देतो असे धरले, तर तेवढ्याच हायड्रोजनसाठी सुमारे ४ मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर लागतो. मग चोवीस तास चालवून ग्रिडची वीज का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच येतो. याचे उत्तर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या हरित हायड्रोजन मानकात आहे. त्यानुसार एक किलो हायड्रोजनमागे, बारा महिन्यांच्या सरासरीने, कार्बन डायऑक्साइडच्या मापात २ किलोपेक्षा जास्त उत्सर्जन होता कामा नये. देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते; ५५ युनिटांचे ते ३८ किलोच्या पुढे जाते. अशा हायड्रोजनवर धावणारी बस किलोमीटरमागे जवळजवळ साडेतीन किलो उत्सर्जनाला कारण होते, तर लिटरला साडेतीन किलोमीटर धावणारी डिझेल बस पाऊण किलोच्या आसपास. प्रदूषण कमी करण्याच्या हेतूने जनतेचा पैसा खर्च करून ते चौपट करण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रणेला नाही. म्हणून पवन आणि सौर यांचा मेळ घातलेला दीर्घ मुदतीचा वीज खरेदी करार हातात आल्यावरच इलेक्ट्रोलायझरची मागणी नोंदवावी. राज्याच्या धोरणात अशा प्रकल्पांना पारेषण व वहन आकारात आणि विद्युत शुल्कात सवलती आहेत, त्यांचा लाभ दर ठरवतानाच हिशेबात धरावा.

पाण्याचाही विचार करावा लागतो. रासायनिक हिशेबाने एका किलोला ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्र थंड ठेवण्यासाठीचे धरून प्रत्यक्ष गरज याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते. ३६० किलोसाठी दिवसाला सात ते दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर. पुण्या-मुंबईत हे फार नाही, पण मराठवाड्यातल्या टंचाईग्रस्त तालुक्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी हाच आधार धरून आखणी करावी.

जागा, परवाने आणि सुरक्षितता

हायड्रोजनच्या साठवणीसाठी आणि भरण्यासाठी परवाना देणारी मुख्य यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना. ‘पेसो’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. वायू सिलिंडर नियम, २०१६ आणि स्थिर व फिरती दाबपात्रे नियम, २०१६ यांच्या आधारे ती मांडणीचा आराखडा, सुरक्षित अंतरे आणि दाबपात्रांची प्रमाणपत्रे तपासते. आराखडा जवळजवळ पक्का झाल्यावर तिच्याकडे जाण्यापेक्षा जागा निवडतानाच तिच्याशी पत्रव्यवहार सुरू करावा. जुन्या आगारांभोवती वस्ती वाढलेली असते आणि अंतराच्या एका अटीवरून सगळी जागा बाद होऊ शकते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाखालची ना-हरकत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी यांची तयारी समांतर चालू ठेवावी. वाहनांची प्रकार-मान्यता ही उत्पादकाची जबाबदारी असते.

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा विस्तृत प्रमाणात पेट घेऊ शकतो आणि त्याला ठिणगीही अगदी क्षीण पुरते. तो हवेपेक्षा चौदा पट हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो. धोका असतो तो छताखाली साचण्याचा. म्हणून भरणा-जागेवरचे छत असे असावे की वायू कोपऱ्यात अडकणार नाही, आणि साठवण शक्य तितकी उघड्यावर ठेवावी. त्याला वास नसतो आणि फ्युएल सेल बिघडतो म्हणून घरगुती गॅसप्रमाणे वासाचे द्रव्यही त्यात मिसळता येत नाही. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. गळती आणि ज्योत ओळखणारी उपकरणे ही म्हणूनच अत्यावश्यक ठरतात. केंद्र सुरू होण्यापूर्वी स्थानिक अग्निशमन दलाला उष्णतादर्शक कॅमेरे द्यावेत आणि प्रशिक्षणात एक गोष्ट पक्की बिंबवावी: वायूचा पुरवठा बंद होईपर्यंत ज्योत विझवायची नाही, कारण ज्योत विझून गळती चालू राहिली तर साचलेल्या वायूचा स्फोट अधिक घातक ठरतो.

नॉर्वेत ऑस्लोजवळच्या सँडविका येथील केंद्रात १० जून २०१९ रोजी स्फोट झाला. तपासात आढळले, की उच्च दाबाच्या साठवण टाकीच्या एका झाकणाचे बोल्ट जोडणी करताना पुरेसे आवळले गेले नव्हते. त्यातून आधी बारीक आणि मग मोठी गळती झाली. टोयोटा आणि ह्युंदाई यांनी तेथील फ्युएल सेल मोटारींची विक्री काही काळ थांबवली. या घटनेनंतर प्रत्येक निविदेत असे कलम असायला हवे, की उच्च दाबाच्या प्रत्येक सांध्याची आवळणी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासावी, तिचे माप नोंदवावे आणि ती नोंद केंद्र चालू असेपर्यंत जपावी. या एका कलमाचा खर्च नगण्य आहे आणि ते गाळण्याला कोणतेही समर्थन असू शकत नाही.

करार

हायड्रोजन केंद्रात सर्वाधिक बिघाड कॉम्प्रेसर, डिस्पेन्सर आणि शीतयंत्रणा यांत होतात. २० बसचा सगळा भार एका कॉम्प्रेसरवर टाकू नये. लहान क्षमतेचे दोन घ्यावेत. देयक विकलेल्या किलोंवरच ठेवले, तर सुरुवातीच्या महिन्यांत पुरवठादाराला केंद्र नीट चालवण्यात रस उरत नाही. म्हणून देयकाचा काही भाग केंद्र किती तास कार्यरत होते यावर बांधावा आणि ‘कार्यरत’ याची व्याख्या गाडी ठरलेल्या दाबापर्यंत, ठरलेल्या वेळेत भरून मिळणे अशीच करावी. सुटे भाग देशात साठवून ठेवण्याची अट, दोषदुरुस्तीची मुदत आणि भरण्याच्या प्रत्येक नोंदीवर उपक्रमाची मालकी, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. यातली तिसरी अट वाटाघाटीत सोडून दिली जाते, आणि पुढे क्षमता वाढवायची वेळ आली की उपक्रमाकडे स्वतःचे आकडेच नसतात.

मार्गावरचे दुसरे केंद्र

युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत प्रमुख वाहतूक जाळ्यावर दर २०० किलोमीटरला एक, दिवसाला किमान एक टन क्षमतेचे केंद्र २०३० च्या अखेरपर्यंत उभारण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे तेवढी वाहने नसताना हे अंतर जसेच्या तसे उचलणे योग्य होणार नाही. पुणे–मुंबई हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि एका भरण्यात बस किंवा ट्रक जाऊन परत येऊ शकतो; त्यामुळे पहिले केंद्र एका टोकाच्या आगारात असले तरी काम चालते. घाट चढताना इंधन जास्त लागते, म्हणून परतीच्या फेरीसाठी राखीव साठा किती उरतो, हे भरलेल्या गाडीने प्रत्यक्ष मोजून घ्यावे. दुसरे केंद्र दुसऱ्या टोकाला काढण्याचा प्रस्ताव तेव्हाच घ्यावा, जेव्हा पहिल्या केंद्राची सलग सहा महिन्यांची विक्री क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर राहिली असेल, किंवा ते बंद असताना गाड्या उभ्या राहिल्याची नोंद वारंवार होत असेल. या दोन्ही गोष्टी सिद्ध करणारे तक्ते मूळ करारातल्या नोंदींवरून दर महिन्याला तयार होत राहतील आणि उपक्रमाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतील, अशी व्यवस्था पहिल्या केंद्राच्या कार्यादेशातच करून ठेवावी.